सहा मिनिटं चाळीस सेकंद

३ नोव्हेंबर, मंगळवार

लिहितेच. आज लिहिलं नाही तर उद्या मला सोयीचं तेवढंच आठवेल.

मुंगीचं बोट कापलं. डाव्या हाताचं, अंगठ्याशेजारचं. करवतीनं. माझ्या वर्गात.

स्टुलांचा दुसरा आठवडा होता. प्रत्येकानं आपापलं स्टूल करायचं. गुडघ्यापासून जमिनीपर्यंत दोरीनं माप घ्यायचं, ते लाकडावर उतरवायचं, गुण्या लावून काटकोनात सरळ रेघ मारायची आणि मग कापायचं. मोठ्यांनी लहानांना शिकवायचं. शाळेच्या खोल्या दोनच, मुलं तेवीस, सहा वर्षांपासून चौदा वर्षांपर्यंतची. कोण कितवीत आहे हे मलाही कधीकधी वहीत बघावं लागतं. मुंगी सात वर्षांची. स्वतःपेक्षा मोठं काहीतरी सतत उचलून नेत असते म्हणून मुंगी. काल तिनं स्टुलाचा पहिला पाय एकटीनं कापला आणि उरलेला तुकडा आईला दाखवायला दप्तरात घालून नेला.

साडेअकराला माझा फोन वाजला. नणंद. 'जरा बघ गं इकडे,' असं ताईसाहेबांना सांगून मी व्हरांड्यात गेले. ताईसाहेब म्हणजे आमची तेरा वर्षांची. लहानांवर तिची अशी हुकमत की त्यांनीच हे नाव पाडलं. नणंदेचा पडद्यांचा रंग ठरत नव्हता. फिकट हिरवा की बदामी. मी हसत होते. भिंतीला पाठ टेकून चांगली हसत होते.

ओरडण्याचा आवाज आलाच नाही. ढब्बू बाहेर आली — तीही सातच वर्षांची, एरवी चालताना धापा टाकते — आणि माझ्या ओढणीचं टोक धरून ओढायला लागली. आत मुंगी जमिनीवर बसलेली. हात डोक्याच्या वर. बोटाला चादरीची पट्टी, पट्टीतून लाल. ताईसाहेब शेजारी, तोंड पांढरंफटक. बाकी सगळे भिंतीला चिकटलेले.

दवाखान्यात डॉक्टरांनी पट्टी सोडली आणि विचारलं, कुणी बांधली? मी म्हटलं, आमच्या मोठ्या मुलीनं. ते म्हणाले, तिला शाबासकी द्या, फार व्यवस्थित बांधली आहे. मग विचारलं, तुम्ही कुठे होतात?

मुंगीचे बाबा तोवर पोचले होते. माझ्या मागेच उभे होते.

'मी तिथेच होते.'

तोंडातून निघून गेलं. विचार केला, ठरवलं, असं काही नाही. निघून गेलं.

घरी येऊन फोनमध्ये बघितलं. बोलणं सहा मिनिटं चाळीस सेकंद.

४ नोव्हेंबर, बुधवार

ऑपरेशन झालं. बोट वाकवणारी आतली दोरी तुटली होती, ती शिवली. तीन आठवडे हात पट्टीत. बोट वाकेल की नाही ते पट्टी काढल्यावरच कळेल, असं डॉक्टर म्हणाले.

मोठ्या बाईंनी अहवाल लिहायला बोलावलं. ही शाळा त्यांची. चोवीस वर्षांपूर्वी अंगणात पाच मुलं घेऊन सुरू केली. त्यांनी एकच विचारलं, तू कुठे होतीस. म्हटलं, वर्गातच. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बराच वेळ बघितलं. मग म्हणाल्या, तर तसं लिही.

लिहिलं. सही नेहमीपेक्षा सुबक आली.

५ नोव्हेंबर, गुरुवार

ताईसाहेब शाळेत आली नाही.

६ नोव्हेंबर, शुक्रवार

मुंगीचे बाबा आले. लेथवर काम करतात, कामाच्या कपड्यांतच आले. हातांना तेलाचा वास. ओरडतील असं वाटलं होतं. ओरडले असते तर सोपं गेलं असतं. बसलेसुद्धा नाहीत.

'मी रोज आठ तास मशीनसमोर असतो, बाई. माझ्या पोरीनं मशीनपासून लांब राहावं म्हणून तिला शाळेत घातली. आणि तुम्ही तिच्या हातात करवत दिलीत.'

मोठ्या बाई समजवायला लागल्या — हातानं केलेलं पोरं विसरत नाहीत, वगैरे. त्या वाक्यावर त्याही थबकल्या. खरंच आहे, हे मुंगी कुठे विसरणार आहे!

हत्यारांचं कपाट बंद करा, नाहीतर मी वरपर्यंत जाईन, असं सांगून ते गेले. मोठ्या बाईंनी माझ्यासमोर कुलूप लावलं आणि किल्ली स्वतःच्या खणात टाकली.

दुपारी गणित. पुस्तकातून. अर्धी झालेली स्टुलं कोपऱ्यात पाय वर करून पडलेली. आमच्यात एक दहा वर्षांचा आहे, प्रत्येक गोष्टीवर वाद घालतो म्हणून त्याला वकील म्हणतात. तो उभा राहिला आणि गंभीरपणे म्हणाला, 'बाई, मग आता स्टूल तोंडी करायचं का?'

कुणी हसलं नाही.

९ नोव्हेंबर, सोमवार

मुंगीचे बाबा वर गेलेच. शिक्षणाधिकारी कार्यालयाचं पत्र आलंय. सव्वीस तारखेला तपासणी अधिकारी येणार, पालकांसमोर चौकशी, आणि मग शाळेच्या मान्यतेचा निर्णय. नुसत्या हत्यारांचा नाही — शाळेचा.

मोठ्या बाईंनी नियमांची पुस्तिका काढून एका ओळीवर बोट ठेवलं. धारदार हत्यार वापरताना जबाबदार प्रौढ व्यक्ती हजर नसेल तर मान्यता रद्द होऊ शकते.

'तू होतीस म्हणून आपण वाचलो,' त्या म्हणाल्या. कागदाकडे बघत म्हणाल्या. माझ्याकडे नाही.

त्यांना माहीत आहे. व्हरांडा त्यांच्या खिडकीतून दिसतो. कदाचित पहिल्या दिवसापासूनच माहीत असेल. निघताना हळूच म्हणाल्या, मी तुला काही विचारणार नाही. तूही मला काही सांगू नकोस.

मला हायसं वाटलं. हे लिहायलाच हवं. 

११ नोव्हेंबर, बुधवार

ताईसाहेब अजून नाही. आईचा निरोप — ताप आहे. आठवडाभर?

तिच्याशिवाय लहान मुलं रांगसुद्धा धड लावत नाहीत.

१३ नोव्हेंबर, शुक्रवार

शाळा सुटल्यावर मुंगीच्या घरी गेले. जाऊ नये असं वाटत होतं, पाय ओढत गेले. तिच्या आईनं दार उघडलं, आत या म्हणाली, पण पाणी विचारलं नाही. बरोबरच आहे.

मुंगी खिडकीत बसली होती, हात उशीवर. मला बघून तिला आनंदच झाला. कोण येतं, कोण येत नाही, तिच्या जागेवर कुणाला बसवलंय का, सगळं विचारून घेतलं. मग म्हणाली, 'माझे अजून तीन पाय राहिलेत. कुणाला कापू देऊ नका.'

तिचे बाबा दारात उभे होते. ऐकलं त्यांनी. आत निघून गेले.

१६ नोव्हेंबर, सोमवार

आज नीट लिहायचंय. काही गाळायचं नाही.

ताईसाहेबांकडे गेले. आई लाँड्री चालवते. पुढे दुकान, मागे दोन खोल्या. ताप-बीप काही नव्हता. पोरगी मागच्या खोलीत चादरींच्या घड्या घालत होती. मला बघून घड्या घालायचा वेग वाढला. मी शेजारी बसले आणि चादरीचं दुसरं टोक धरलं. चार चादरी झाल्या. पाचवीला ती थांबली.

'बाई, मी पण नव्हते.'

मला कळलंच नाही. कुठे नव्हतीस?

'वर्गात. तुम्ही फोनवर गेलात ना — मी पण मागच्या दारानं गेले.'

तिला पाळी आली होती. पहिल्यांदाच. कपड्यांना डाग पडला होता आणि वर्गात मुलगे. मी व्हरांड्यात हसत होते, आमच्यात एका दाराचं अंतर, पण फोनवर असलेल्या बाईंना कसं सांगायचं? ती पळत न्हाणीघरात गेली. बाई काय, मिनिटात आत येतील, असं तिला वाटलं. ती वर्ग बघतेय असं मला वाटलं. आणि करवतीपाशी दोन सात वर्षांच्या पोरी.

ती परत आली तेव्हा सगळं होऊन गेलं होतं. बाकीचे भिंतीशी. मुंगी हात वर धरून बसलेली, आणि ढब्बू प्रथमोपचाराच्या पेटीतून पट्टी काढून बांधत होती. मुंगी रडत रडत तिला सांगत होती — घट्ट. अजून घट्ट.

ते दोघींनी केलं. जुलैमध्ये जुनी चादर फाडून पट्ट्या केल्या होत्या आणि सगळ्यांना एकमेकांना बांधायला लावल्या होत्या. ढब्बूनं तेव्हा वकिलाचं डोकं असं गुंडाळलं की त्याला दिसेना. आम्ही हसून लोळलो होतो. हात वर धरायचा, दाबून धरायचं, घट्ट बांधायचं — खिदळत शिकलेलं ते.

'आणि सगळे मला शाब्बास म्हणाले. तुम्ही पण. मुंगीच्या बाबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, बाई.' मग ती रडली. इतके दिवस दाबून ठेवल्यासारखी, आवाज न करता.

शांत झाल्यावर नाक पुसत म्हणाली की मोठ्या बाईंनी तिला विचारलं होतं, बाई वर्गात होत्या ना? ती हो म्हणाली होती. कारण मी तसं लिहिलं होतं. मी खोटी पडू नये म्हणून.

'सव्वीस तारखेला साहेब मला विचारतील. तुम्ही सांगाल तेच सांगीन.'

माझ्या थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं. तेरा वर्षांची मुलगी मला सांभाळायला निघालीय!

मी तिला म्हटलं, तू काहीच सांगायचं नाहीस, सांगायचं ते माझ्याकडे. आईला पाळीचं सांगितलं का विचारलं. सांगितलं होतं. तेवढं तरी.

१७ नोव्हेंबर, मंगळवार

नवऱ्याला सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, बोट शिवलंय, शाळा चालू आहे, तू गप्प बसलीस तर कुणाचं काय अडतंय? वाईट हेतूनं नाही म्हणाला. काळजीनं म्हणाला. 

१८ नोव्हेंबर, बुधवार

नणंदेनं फोटो पाठवला. बदामी घेतले.

२० नोव्हेंबर, शुक्रवार

मोठ्या बाईंना सांगितलं — मी सव्वीसला खरं बोलणार. माझ्याबद्दलचं. ताईसाहेब बाहेर गेली होती ते त्यांनाही सांगितलं नाही.

इतक्या वर्षांत त्यांचा आवाज चढलेला ऐकला नव्हता. आजही चढला नाही. उलट खाली गेला. या तेवीस मुलांपैकी नऊ जणांना दुसऱ्या शाळांनी काढून टाकलंय, त्यांची नावं एकेक करून घेतली त्यांनी. हा वाचू शकत नव्हता, ही बोलत नव्हती. कुठे जातील?

'तुझं मन हलकं होईल आणि ही पोरं रस्त्यावर येतील.'

मी म्हटलं, पण ते खोटं आता एक मुलगी वाहतेय.

 त्या म्हणाल्या, 'खरं बोलायची एवढी हौस होती, तर तीन तारखेला बोलायचं होतंस.'

  

२२ नोव्हेंबर, रविवार

कपड्यांच्या दोरीखाली उभी राहून मोठ्यानं वाक्यं म्हणून बघितली. प्रत्येक वाक्यात 'पण' येतोय. मी बाहेर गेले, पण. फोन होता, पण. सगळे 'पण' काढून टाकले तर तीनच वाक्यं उरतात.

२५ नोव्हेंबर, बुधवार

आज पट्टी निघाली.

सुट्टी टाकून दवाखान्यात गेले. आत जायचं धाडस नव्हतं, दारातच उभी राहिले. डॉक्टर म्हणाले, वाकव बघू. मुंगीनं ओठ दाताखाली धरले. काहीच होईना. तिची आई भिंतीकडे बघायला लागली. आणि मग बोट हललं — मधलं पेर वाकलं. टोकाचं नाही. डॉक्टर म्हणाले, व्यायाम करायचा, वेळ लागेल, पूर्ण वाकेलच असं आज सांगत नाही.

'वाकलं की,' मुंगी म्हणाली.

बाहेरच्या बाकाशी मी तिच्या बाबांना थांबवलं. उद्या सगळ्यांसमोर ऐकण्याआधी त्यांनी ते माझ्याकडून ऐकायला हवं होतं. तीनच वाक्यं सांगितली. मी वर्गात नव्हते. घरचा फोन होता, बाहेर बोलत होते. तुमच्यासमोर डॉक्टरांना खोटं सांगितलं.

त्यांनी एवढंच विचारलं, 'किती वेळ?'

'सहा मिनिटं चाळीस सेकंद.'

 त्यांनी मान हलवली, कुणी माप सांगितल्यावर हलवावी तशी, आणि आत गेले.

२६ नोव्हेंबर, गुरुवार

झालं.

मोठ्या खोलीत सतरा पालक, लहान मुलांच्या बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन. तपासणी अधिकारी मधे, समोर माझा अहवाल. मुंगीचे बाबा शेवटच्या रांगेत. ताईसाहेब आईला चिकटून. मोठ्या बाई माझ्या शेजारी, हात मांडीवर घट्ट.

अधिकाऱ्यांनी अहवाल मोठ्यानं वाचला. 'घटनेच्या वेळी मी वर्गात उपस्थित होते.' विचारलं, यात काही बदल?

उभी राहिले.  म्हटलं, हे वाक्य खोटं आहे. ते मी लिहिलं, मला कुणी लिहायला सांगितलं नाही. पुढचं सगळं सांगितलं. पडद्यांचंसुद्धा सांगितलं. खोलीत एकदम कुजबुज झाली. कुणाची तरी आई 'अगं बाई' म्हणाली. मोठ्या बाई हलल्या नाहीत.

अधिकारी लिहीत होते. न बघताच विचारलं, म्हणजे त्या वेळी वर्गात मोठी मुलगी एकटीच होती? होती ना ती?

ताईसाहेबांची मान खाली गेली.

'साहेब, ती होती की नव्हती हा प्रश्नच नाही,' मी म्हटलं. 'तेरा वर्षांच्या मुलीवर वर्ग सोडून जायचं नसतं. तिथे मी असायला हवं होतं. तिला काही विचारू नका.'

त्यांनी पेन खाली ठेवलं. माझ्याकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं. पुढे विचारलं नाही.

शेवटी मुंगीच्या बाबांना विचारलं, तुम्हाला काही म्हणायचंय? ते म्हणाले, म्हणायचंय, पण लेखी देतो.

सगळे गेल्यावर मोठ्या बाई रिकामे बाक सरळ लावत राहिल्या. मी हात लावायला गेले तर म्हणाल्या, राहू दे. रागानं नाही. थकून.

२७ नोव्हेंबर, शुक्रवार

ताईसाहेब आली! सकाळीच लहानांची रांग लावली, दोघांचे कान धरले.

मग स्वतःहून फळ्यासमोर उभी राहिली आणि सगळ्यांना सांगितलं, मुंगीची पट्टी मी नव्हती बांधली, ढब्बूनं बांधली. सगळे ढब्बूकडे वळले. ढब्बू लाजून बाकाखालीच गेली. खालून आवाज आला, 'ते तर सोपं असतं.'

३० नोव्हेंबर, सोमवार

मुंगी आली. बोट वाकवून दाखवायला प्रत्येकासमोर थांबत होती. वकील म्हणाला, अर्धंच वाकतंय. ती म्हणाली, तुझी मान तर तेवढीही वाकत नाही.

निर्णय अजून नाही. फाटक वाजलं की मोठ्या बाई आणि मी, दोघी एकदम वर बघतो.

२ डिसेंबर, बुधवार

काही नाही.

४ डिसेंबर, शुक्रवार

आदेश आला. शाळेची मान्यता कायम. कपाट उघडायचं, यापुढे दोन मोठी माणसं हजर असल्याशिवाय हत्याराला हात नाही. सोबत मुंगीच्या बाबांच्या अर्जाची प्रत. मला वाटलं होतं, कपाट कायमचं बंद करा असं लिहिलं असेल. चारच ओळी आहेत.

'करवत राहू द्या. माझ्या मुलीला उरलेले पाय कापायचे आहेत. दर शनिवारी मी स्वतः येऊन शेजारी उभा राहीन. बाई बदला.'

आदेशात तेही आहे: सोमवारपासून मी नाही.

त्या चार ओळी दोनदा वाचल्या. एकही शब्द चुकलेला नाही.